गुरुजींचा शब्द आणि लेकराचे मन
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



वर्धापनदिनी मी चार शब्द बोलावेत असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण अवघे सातवीपर्यंत. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "काकू, तुम्ही किती शिकलात हे कुणी विचारीत नाही. तुम्हाला काय वाटते ते सांगा." मग मी विचार केला. शिक्षकांनी कसे शिकवावे हे सांगण्याचा अधिकार मला नसेल. पण तसे शिकवल्याने लेकराचे पुढे काय होते, हे सांगण्याचा अधिकार प्रत्येक शिकणाऱ्याला आहे. तो जसा मला आहे तसा तुम्हालाही आहे. म्हणून आजचा हा विषय मी घेतला.

लेकरू शाळेतून आले की आपण विचारतो, "आज काय शिकवलं?" कसे शिकवले, हे मात्र कुणी विचारीत नाही. वास्तविक पुढे काय उरते पाहा. मी पाठ केलेल्या कविता विसरले, नद्यांची नावे विसरले, राजांच्या सनावळ्या तर केव्हाच गेल्या. पण कोणते गुरुजी वर्गात शिरले की पोटात गोळा यायचा आणि कोणत्या बाई आल्या की पुढे सरकून बसावेसे वाटायचे, हे आजही जसेच्या तसे आठवते. शिकवलेले पुसले जाते, शिकवण्याची रीत मात्र अंगात मुरते. आणि जे अंगात मुरते त्यालाच आपण पुढे 'स्वभाव' म्हणतो.

माझीच गोष्ट सांगते. मी चौथीत होते, ते साल १९८९-९० असेल. गावाचे नाव सांगत नाही, गुरुजींचेही नाही. एका खोलीत दोन इयत्ता आणि गुरुजी एकटे. त्यांचे अक्षर मोत्यासारखे होते आणि शाळा त्यांनी एक दिवस चुकवली नाही. हे आधी सांगते, कारण माणूस वाईट नव्हता. एके दिवशी त्यांनी मला फळ्यावर बेरीज करायला उभे केले. मी हातचा धरायला विसरले. गुरुजींनी छडी मारली, त्याचे मला काही वाटले नाही; छडी सगळ्यांनाच बसायची. पण मग ते वर्गाकडे वळले आणि म्हणाले, "बघा रे, हिच्या डोक्यात सरकी भरलीय. गणित काही हिच्या नशिबात नाही." सारा वर्ग हसला. त्या दिवसापासून वर्ष संपेपर्यंत पोरे मला 'सरकी' म्हणूनच हाक मारीत.

छडीचा वळ दोन दिवसांत गेला. शब्दाचा वळ गेला नाही. उत्तर येत असले तरी माझा हात वर होईना. फळ्यापाशी गेले की समोरचे आकडे दिसेनासे होत. गुरुजींनी एकदा बोललेले मी स्वतःशी रोज बोलू लागले, की गणित आपल्या नशिबात नाही.

सहावीत एक बाई बदलून आल्या. त्या फारशा हसत नसत, लाडही करीत नसत. दोन महिने त्यांनी मला फळ्यापाशी बोलावलेच नाही. मग एकदा सहज विचारले, "तुमच्या रानात कापूस वेचायला बाया लागतात, त्यांचा हिशेब कोण ठेवतं ग?" मी म्हटले, "आई. पण तिला लिहिता येत नाही. किती किलोला किती रुपये, ते मी तोंडी सांगते." बाई म्हणाल्या, "मग कालचा हिशेब इथं मांड." मी पाच बायांच्या वेचणीचा हिशेब फळ्यावर मांडला. बाईंनी तो पाहिला. शाबासकी दिली नाही, टाळ्या वाजवायला लावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "बरोबर आहे. हातचा कुठं धरलास, ते सगळ्यांना सांग."

भगिनींनो, दोन वर्षांत मी वर्गात प्रथमच मोठ्याने बोलले. एकाने माझी चूक सगळ्यांना दाखवली होती. दुसरीने माझी रीत सगळ्यांना सांगायला लावली. गणित तेच, फळाही तसाच आणि मुलगीही तीच होती. फरक होता तो शिकवणाऱ्याच्या रीतीत.

पुढच्या वर्षी सातवी झाली. आठवीची शाळा दुसऱ्या गावाला, वाटेत ओढा. वडिलांनी पाठवले नाही. असो. ते दुःख आपल्यापैकी पुष्कळ जणींचे आहे.

आता या रीतीचा महिमा मोठा कसा आहे, ते आपल्याच महाराष्ट्रातल्या काही उदाहरणांवरून पाहू.

साने गुरुजी सर्वांना ठाऊक आहेत. १९२४ साली ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले आणि तिथल्या छात्रालयाचे काम त्यांनी पाहिले. मुलांनी अंथरूण नीट घातले नाही, खोली झाडली नाही, तर बहुतेक जण काय करतील? दंड करतील. साने गुरुजी स्वतः खोली झाडीत, मुलांचे पसरलेले कपडे आवरून ठेवीत. मुलांना आपोआप लाज वाटे, आणि ती लाज कुणी चारचौघांत लादलेली नसे, आतून आलेली असे. मुलांसाठी ते रोज हाताने 'छात्रालय' नावाचे दैनिक लिहून काढीत. १९३० साली शाळा सोडून ते स्वातंत्र्याच्या लढ्यात गेले. म्हणजे शाळेतली त्यांची नोकरी अवघी सहा वर्षांची. पण त्यांचे विद्यार्थी म्हातारे होईपर्यंत त्या सहा वर्षांबद्दल सांगत राहिले. आणि गुरुजींना ही रीत कुणी शिकवली? १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिले, त्यात त्याचे उत्तर आहे. गुरुजींची गुरू एक घरसंसार करणारी बाई होती. हे आपण गृहिणींनी विसरू नये.

दुसरे उदाहरण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे. अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले आणि थोड्याच काळात वैधव्य आले. तरी त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, आणि १९४५ साली बोर्डीला ताराबाईंच्या कामात गेल्या. १९५७ पासून हे काम कोसबाडच्या टेकडीवर चालले. तो भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, आता पालघर जिल्ह्यात आहे. आदिवासींची मुले शाळेत येत ना. "यांना शिक्षणाची गोडीच नाही" असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. या दोघींनी तसे म्हटले नाही. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळाच मुलाच्या अंगणात जाईल, म्हणून अंगणवाडी. मूल गुरांमागे जाते ना, मग शाळा कुरणात जाईल, म्हणून कुरणशाळा. थोरली बहीण धाकट्या भावंडाला सांभाळते म्हणून तिची शाळा बुडते, तर ते भावंडही सोबत येऊ द्या. शंख-शिंपले, बिया, पाने हीच शिकण्याची साधने. सरकारने १९७५ साली देशभर बालविकासाची योजना सुरू केली, तेव्हापासून अंगणवाडी गावोगावी गेली. आपली नातवंडे, पुतवंडे ज्या अंगणवाडीत खिचडी खातात, तिच्या नावामागे या दोघी बाया आहेत. मूल चुकले असे म्हणण्याआधी आपली रीत चुकते काय, असे त्यांनी स्वतःला विचारले, हेच त्यांचे मोठेपण.

तिसरे उदाहरण त्याहूनही जुने. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली. त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता नावाच्या मांग समाजातील मुलीने आपल्या लोकांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. ज्या काळात त्या समाजाच्या मुलीने रस्त्याने सरळ चालणेही कठीण, त्या काळात ती पोर थोरामोठ्यांना प्रश्न विचारते! नुसती बाराखडी शिकवून असे घडत नाही. तुला जे दिसते ते तू लिही, तुझे म्हणणे ऐकण्यासारखे आहे, असे तिला शिकवणाऱ्याच्या वागण्यातून कळले असले पाहिजे.

आणि इतके लांब कशाला? आपल्याच तालुक्यातले जांब, समर्थ रामदासांचे जन्मगाव. १६०८ साली तिथे जन्मलेल्या नारायणाने पुढे मनाला उपदेश करणारे श्लोक रचले. आपल्या घरांत सांजवेळी ते म्हटले जात. त्यात समर्थ मनाला पुष्कळ टोचून बोलतात, काही सोडीत नाहीत. पण आरंभी मनाला हाक कशी मारली? सज्जन म्हणून. मन किती चंचल असते हे समर्थांना माहीत नव्हते काय? माहीत होते, तरी आधी चांगले म्हणून हाक मारली आणि मग शिकवले. आमच्या गुरुजींनी मला आधी सरकी म्हटले आणि मग शिकवायला घेतले. जांब इथून इतके जवळ, पण ही गोष्ट आमच्या वर्गापर्यंत पोहोचली नाही.

कुणी म्हणेल, मग शिक्षकांनी धाक ठेवूच नये काय? मी तसे म्हणत नाही. कुंभार मडके घडवताना बाहेरून थापटणे मारतो. मारले नाही तर मडक्याला आकार येत नाही. पण त्याच वेळी त्याचा दुसरा हात मडक्याच्या आत असतो. आतला हात काढून बाहेरून थापटले तर मडके फुटते. आमच्या सहावीच्या बाई कडक होत्या. गृहपाठ केला नाही तर मधल्या सुट्टीत बसवून पुरा करून घेत. पण स्वतःही तिथेच बसत, डबा न खाता. तो आतला हात. उलट, एखादे शिक्षक गोड बोलतात, कधी रागवत नाहीत, आणि वह्याही कधी उघडून पाहात नाहीत. त्यांच्याही हाताखाली लेकरू बिघडते. आपण केले काय आणि न केले काय, कुणाला त्याचे काही नाही, हे ते शिकते. तेव्हा प्रश्न कडक की मऊ असा नाही. चूक सुधारायची की लेकराची किंमत कमी करायची, असा आहे. "तुझी बेरीज चुकली" हे वाक्य वहीला लागते. "तू मूर्ख आहेस" हे वाक्य लेकराला लागते. वही उद्या बदलता येते.

इथवर मी शिक्षकांविषयी बोलले आणि तुम्ही माना डोलावल्या. आता जे सांगणार आहे ते सांगायला जड जाते. पण त्यासाठीच मी उभी राहिले आहे.

माझी धाकटी लेक आता दहावीत आहे. ती दुसरीत असतानाची गोष्ट. दुपारची वेळ, मी ओसरीवर धान्य निवडीत होते. ती अंगणात लिंबाखाली शाळा-शाळा खेळत होती. सात-आठ विटा ओळीने मांडलेल्या, ती मुले. आणि ही बाई. हातात तुरीची काडी. एका विटेपुढे उभी राहून ती ओरडली, "किती वेळा सांगायचं? डोक्यात सरकी भरलीय काय?" आणि सपासप काडी मारू लागली.

माझे डोके भणाणले. म्हटले, अजून हे चाललेच आहे! माझ्या लेकराला शाळेत असे बोलतात! रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी पदर खोचून शाळेत गेले. हे म्हणत होते, "आधी नीट विचार तरी." मी ऐकले नाही. वर्गाच्या दारात जाऊन बाईंना म्हटले, "तुम्ही माझ्या पोरीला काय बोलता?"

बाई तरुण होत्या. रागावल्या नाहीत. "ताई, आत या, बसा," म्हणाल्या. मी तासभर बसले. मुले गोल करून बसली होती, चिंचोके मोजीत होती. छडी कुठे दिसली नाही. माझी लेक दोनदा चुकली. बाईंनी चिंचोके पुन्हा मोजायला लावले, इतकेच. तास संपल्यावर बाई हळूच म्हणाल्या, "ताई, मुलं शाळा-शाळा खेळतात ना, तेव्हा शाळेतलंच खेळतात असं नाही."

परत येताना वाटेत माझे पाय जड झाले. सरकी! हा शब्द आताच्या त्या बाईंना कुठून माहीत? तो शब्द माझा होता. त्याच आठवड्यात चुलीपाशी बसवून मी तिच्याकडून बेरजा करून घेत होते. भाकरी करपत होती, ती हातचा विसरत होती, आणि मी तोच शब्द तिच्या तोंडावर फेकला होता. गुरुजींनी मला दिला, मी लेकीला दिला, लेकीने विटेला दिला. मधे जवळजवळ तीस वर्षे गेली, पण शब्द एका अक्षराने बदलला नाही. विटेला पुढे कुणाला द्यायचा नव्हता म्हणून तो तिथे थांबला.

त्या रात्री मी तिला जवळ घेऊन वही उघडली आणि बाईंचे वाक्य म्हटले, "हातचा कुठं धरलास, ते मला सांग." तिने घाबरत घाबरत सांगितले. लगेच सारे बदलले असे नाही. सवय जुनी होती. पुढेही दोन-चार वेळा जीभ घसरली. पण घसरली की मला कळू लागले, आणि मी तिला म्हणत असे, "हे चुकून बोलले, ते खरं नाही."

त्यानंतरच माझ्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली. आपल्या मंडळाचा बचत गट निघाला, तेव्हा तुम्ही हिशेब ठेवायला मलाच सांगितले होते, आठवते? मी तीन वर्षे नाही म्हणत राहिले, "मला गणित येत नाही" म्हणून. जी बाई दुधाचा रतीब, कापसाची वेचणी, दुकानाची उधारी सगळे तोंडी ठेवते, तिला गणित येत नाही! मला गणित येत होते. मला ते येत नाही एवढेच शिकवले गेले होते. आज सहा वर्षे गटाचे पुस्तक माझ्याकडे आहे, आणि ते तुम्ही पाहताच.

आता थोडे कामाचे बोलते. २००९ साली मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्यात मुलाला मारणे आणि मानसिक त्रास देणे, दोन्हींना बंदी आहे. छडीबरोबर टाकून बोलणेही त्यात आले, हे लक्षात ठेवा. त्याच कायद्याने सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती आली. तिच्यात निदान तीन चतुर्थांश सभासद पालक हवेत आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. या जागा आपल्यासाठी आहेत. नुसती सही करायला नव्हे, बसून बोलायला जावे.

शाळेत भांडायला जाऊ नये, मी गेले तशी. बघायला जावे. "गुरुजी, चांगले बडवा, आमची तक्रार नाही," असे आपणच सांगतो. ते बंद करावे. शिक्षकांनी चांगले केले तर तेही जाऊन सांगावे. त्यांनाही चांगला शब्द क्वचितच मिळतो. लेकरू घरी आले की "किती मार्क पडले?" याच्या आधी "आज तू काय विचारलंस?" असे विचारावे. आणि आपल्या तोंडातला एखादा जुना शब्द कुणाचा आहे, तो कुठून आला, हे रात्री अंथरुणावर पडल्यावर एकदा आठवून पाहावे.

त्या गुरुजींवर आता माझा राग नाही. त्यांनाही लहानपणी कुणी तरी तसेच शिकवले असेल. त्यांनी ऐकले ते दिले. आपण मात्र ऐकलेले सगळेच पुढे द्यायचे नाही. निवडून द्यायचे, धान्य निवडतो तसे. खडा बाजूला काढायचा. हे काम शाळेतल्या बाईंचे जितके आहे, तितकेच चुलीपाशी बसलेल्या बाईचे आहे. लेकराची पहिली शाळा तीच.